माशी

तिसरी दुर्बीण मी काउंटरवर ठेवली
तेव्हा लीलँड ट्वाइट हसला नाही.
चष्मा कपाळावर सारून
त्यानं ती कानाशी धरली, हलवली.
आत काहीतरी खुळखुळलं.

"कुठे माशी शिंकली, वर्ना?"
म्हटलं, माशी उरलीच कुठे.
ओरिननं ती कानशीनं घासून टाकली होती
पहिली दुर्बीण बसवायच्या उत्साहात.
नळीच्या टोकाला अजून एक चमकता डाग आहे,
भाऊ नाही.

बंदूक त्याची. बारा बोअर, एकनळी,
तीन इंची काडतुसं खाणारी,
आत छर्रे नाहीत, शिशाचा एकच गोळा.
आमचा मुलूख सपाट. रायफलची चुकलेली गोळी
शेजाऱ्याच्या सायलोपर्यंत चालत जाते,
म्हणून हरणासाठी आजोबांपासून हीच.
गोळा पुढे जातो
तितक्याच हट्टानं ही मागे येते.
खांद्याचं बरं असतं,
निळा पडतो, पिवळा पडतो, विसरतो.
काचेला विसरता येत नाही.

पहिलीनं माझ्या उजव्या भुवईवर चंद्रकोर काढली,
मी फार जवळ वाकले होते.
दुसरीत लाल ठिपका होता, बॅटरीवरचा.
चौथ्या बाराला तो ठिपका
मक्याच्या धसकटांत निघून गेला,
परत आला नाही.
तिसरीचं तुम्ही ऐकलंतच.

लीलँडनं हिरव्या फडक्यावर
एकही नवी दुर्बीण मांडली नाही.
विचारलं, "वर्षाला किती झाडतेस?"
पाच.
"पाचच?"
तीन कागदावर. एक हरणावर.
"आणि?"
एक तळ्याकाठी, आभाळात नाही, बांधाच्या मातीत.
ओरिनच्या वाढदिवशी.
तो शेगडीकडे गेला, उगाच एक ओंडका सरकवला.

मग खालच्या खणातून पोलादाचं एक कडं काढलं,
अंगठीएवढं, जाड, काळं,
आणि पुढे बसवायला माशी, ठेंगणी, पांढऱ्या टोकाची.
काच नाही. बॅटरी नाही.
खुळखुळायला आत काही नाहीच.

म्हटलं, माझे डोळे त्रेसष्टचे आहेत, लीलँड,
बावीस वर्षं शाळेच्या बसच्या काचेतून बर्फ पाहिलेले.
हे कडं मला धूसर दिसतंय.
"धूसरच दिसायचं असतं ते.
त्याच्याकडे बघूच नकोस.
माशीकडे बघ. मध्य डोळा आपोआप शोधतो,
सवय असते त्याला."

स्क्रू त्यानं स्पिरिटमध्ये बुडवले, पुसले, पुन्हा बुडवले.
तेलाचा एक थेंब राहिला
तर कुठलाही गोंद धरत नाही, म्हणाला.
निळ्या गोंदाचा एकेक ठिपका,
मग पिळलं. शेवटच्या पिळाला
त्याचं मनगट थरथरलं, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.
मग बायकोची नेलपॉलिशची बाटली आणली
(मेरिब्रेथ जाऊन चार हिवाळे झाले,
बाटली अजून ओली)
आणि एक गुलाबी रेघ ओढली,
अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी पोलादावर.
"हललं तर हीच सांगेल. मला विचारू नकोस."
रात्रभर सुकू दिलं. पैसे घेतले, कडं फुकट म्हणाला नाही,
ते मला आवडलं.

शनिवारी गवताच्या गठ्ठ्यावर
जेवणाची कागदी ताटली टाचली.
चाळीस पावलं. थंडी एवढी की
श्वास नळीपुढे उभा राहत होता.
पहिला बार ताटलीच्या काठाला.
दुसऱ्याला खांदा म्हणाला, पुरे.
तिसरा दुसऱ्याच्या शेजारी, दोन बोटांवर.

हातमोजा काढून
नखानं रेघ चाचपली.
गुलाबी. सलग.

ताटली घडी करून कोटात घातली,
का ते माहीत नाही, दाखवायला कुणी नव्हतं.
दुसऱ्या खिशात उरलेली दोन काडतुसं
घरापर्यंत
एकमेकांवर आपटत राहिली.