दाखल क्रमांक ४३१९

गडचिरोलीला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं.
विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्याच दिवशी मी चुकले.
आत पोरं बोलत होती, मोठ्यानं,
एकजण भिंतीवर लिहीत होता
अन् कुणी रागावत नव्हतं.
मला वाटलं कँटीनमध्ये आले.
माघारी वळले.

मॅडम म्हणाल्या, हाच तो अभ्यासकट्टा.
गोल टेबलं, चाकाच्या खुर्च्या, पायापाशी प्लग,
पुस्तकं कडेनं उभी,
लग्नातल्या मुलीकडच्यांसारखी, सगळ्यांना वाट देत.
वहीत लिहून घेतलं. खाली किंमत लिहिली.
मग किंमत खोडली.

आमचं वाचनालय 'ड' दर्जाचं,
जुन्या कोंडवाड्याला लागून खोली.
दोन टेबलं, एक पंखा, चार कपाटं,
त्यातल्या एकाची किल्ली माजी अध्यक्षांच्या घरी.
दारावर लाल रंगात: शांतता राखा.
'खा'चा काना कधीच झडला,
आता नुसतं
शांतता राख.

दोन्ही टेबलं जोडली. एक उंच, एक बुटकं.
बुटक्याच्या पायांखाली जुने शासकीय अहवाल सरकवले,
एकदाचे कामी आले.
कपाटाच्या दाराला काळा रंग दिला, खडू ठेवला,
एक्स्टेंशन बोर्ड भावाच्या डेकोरेशनमधून आणला.
पोट्ट्यांना म्हटलं, बोला.
ते आठ दिवस कुजबुजतच राहिले.

शेषराव लोनबले रोज दहाला येतात,
पेपर पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचतात.
नवव्या दिवशी भरतीची पोरं टक्केवारीवरून भांडली
तेव्हा त्यांनी पेपरची घडी घातली.
"बाजार मांडला बाई तू. कोंडवाडा बरा होता."
आणि कडुनिंबाखाली जाऊन बसले.
मी काही बोलले नाही.
ज्याला शांतताच हवी होती
त्याला मी काय दिलं?
प्रशिक्षणात यावर तासच नव्हता.

त्या गुरुवारी सायत्राबाई उईके आली.
बाजाराच्या पिशवीत, वांग्यांखाली,
वनहक्काच्या दाव्याचा कागद,
'नकाशा जोडावा' म्हणून परत आलेला.
वाचता येत नाही म्हणून दारातच उभी.
आचलनं कागद वाचून दाखवला.
प्रणय मोहुर्लेनं मोबाइलवर वरून घेतलेलं चित्र काढलं:
हिरवा डाग, सगळा सारखा.
बाई बघत राहिली.
"हे कोनाचं हाय?"

मग तिनं खडू उचलला.
दारावर नाला आला,
नाल्याचं वळण, वळणावर येनाचं झाड,
सासऱ्यानं धुऱ्यावर रोवलेला दगड,
बोडी, बोडीच्या पाळीवर मोहाची तीन झाडं.
"अन् इथून वाघ जाते," म्हणाली, "तेही लिव."
पोरं गप्प झाली,
पाटी न वाचता.

खिडकीतून शेषराव म्हणाले,
"तीन नाही, चार. एक पंच्याऐंशीला तोडलं."
"मले शिकवू नका, भाऊ."
तिनं चौथं झाड काढलं
आणि त्यावर फुली मारली.
शेषराव आत आले नाहीत.
खिडकीत मात्र राहिले.

संध्याकाळी दाखल नोंदवही उघडली.
क्रमांक ४३१९. लेखक: सायत्रा उईके.
प्रकाशक: रकाना रिकामा. पृष्ठे: दार एक.
किंमत लिहिताना पेन थांबलं.
मार्चमध्ये तपासनीस येतील, बोट ठेवून विचारतील,
हे कुठे आहे?
सांगेन, गुरुवारी येते.

दाव्याचं अजून काही कळलं नाही.
दार कुणी पुसत नाही.
पोट्टे गणितं करतात ती नाल्याच्या अलीकडे,
जागा कमी पडली की आकडे बारीक होतात,
पण वाघाच्या वाटेवर
अजून कुणी हातचा लिहिला नाही.