सात नंबर चेंबर

या गेममध्ये मला तोंड नाही.
दोन हात आहेत, उजव्यात बॅटरी.
खाली पाहिलं तर पायही नाहीत,
नुसती ओली फरशी पुढे सरकत राहते.
आरसा एकच, मुकादमाच्या केबिनमध्ये, तोही फुटका,
कारण, पुष्पक भंगाळे म्हणतो,
आरशात माणूस दाखवायचा तर लॅपटॉप तापतो.

पुष्पकने हे सगळं सावद्यात बसून केलं,
बापाच्या खताच्या दुकानामागे,
पाच उन्हाळे,
खिडकीवर ओला टॉवेल टाकून.
फैजपूर रस्त्यावरची आमची केळीची वखार
त्याने कडीकोयंड्यासकट आत घातली.
पिकवायचे आठ चेंबर, प्लॅस्टिकचे क्रेट,
हिरव्या घडांच्या रांगा.
तुम्ही पाठ फिरवली
की त्या पिवळ्या होतात.
परत बघितलं की बऱ्याचशा हिरव्या.

तुम्ही डिटेक्टिव्ह.
सात नंबरमध्ये रात्रीचा वॉचमन मेलाय, कडी बाहेरून.
तेरा अंशात माणूस मरत नाही, मी पुष्पकला म्हटलं.
गेममध्ये मरतो, तो म्हणाला.

पुरावा असेल ती वस्तू कडेने चमकते:
थर्मास, एका पायाची चप्पल,
हजेरीच्या रजिस्टरातून फाडलेला मंगळवार.
खिशात टाकत जायचं.
आणि वॉचमन मेलेला असला तरी दाराशी स्टुलावर बसून बोलतो.
त्याला अकरा वाक्यं आहेत.

आवाज माझ्या बापाचा.

सुकलाल कोळी. त्याच वखारीत बावीस वर्षं रात्रपाळी.
पुष्पकने तीन रात्री मोबाइल समोर धरून भरून घेतला,
पंख्यांच्या घरघरीसकट.
दोन हजार रुपये आणि एक ब्लँकेट दिलं.
"दार लोट भो, गारठा बाहेर चालला."
"मले काय इचारतो? किल्लीले इचार."
घरी येऊन आईला म्हणाला, मले मारून टाकलं व पोराने,
आणि उसळ खाता खाता हसला.

मेमध्ये गेला. पारा सेहेचाळीसवर होता.
दिवसाची पाळी बदलीवर घेतलेली,
ट्रक उतरवताना गेटपाशी बसला, तो बसलाच.
कडी कुठेच नव्हती.
मी थर्मास उघडून पाहिला, चपला पाहिल्या,
दोन्ही जागेवर, दोन्ही त्याच्याच.
रजिस्टरचं पान शाबूत, खाली अंगठ्यासारखी सही.
काहीच चमकलं नाही.

आता लाइट असली की रात्री मी खेळतो.
स्टुलासमोर उभा राहतो. खाली तीन प्रश्न येतात:
त्या रात्री किल्ली कोणाकडे होती?
सात नंबरमध्ये काय आहे?
निघतो मी.

मला विचारायचंय ते यात नाही.
त्या दिवशी डबा का परत पाठवलास, एवढंच.

म्हणून मी काहीच दाबत नाही.
काहीच दाबलं नाही तर मिनिटाभराने बाप खोकतो,
आणि मग बारावं वाक्य येतं,
जे कागदावर नव्हतं,
जे तो पुष्पकला सहज म्हणाला होता मोबाइल बंद व्हायच्या आधी:
"झालं का रे भो? पोरगा जेवाले थांबला असीन."
पुष्पकने ते मुद्दाम ठेवलं.
पुण्याचा एक पोरगा त्या जागी किंचाळला म्हणे,
हेडफोन काढून फेकला.

एका जागी इतका वेळ उभं राहिलं की
पंखे थांबतात.
मागून काहीतरी येतं, क्रेट सरकवत, सावकाश.
मला माहीत आहे ते.
पळायला अजून वेळ असतो, दार डावीकडे,
बॅटरीही भरलेली.
बाप दुसऱ्यांदा खोकतो.

मी बॅटरी खाली करतो,
त्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून.