पाठमोरा

अकरा वर्षं मी तार्मोची सर्व्हिस पाहिलेली नाही.
ऐकली आहे.
नेटजवळ वाकून उभा राहायचो, त्याच्याकडे पाठ करून,
डावा हात कमरेमागे.
करंगळी म्हणजे बाहेरच्या कोपऱ्यात मार,
उघडा पंजा म्हणजे मी धाव घेणार,
मूठ म्हणजे जागचा हलणार नाही.
मग बुटाचं टोक लाल मातीत घासल्याचा आवाज,
चेंडू जमिनीवर चारदा, कधीच पाच नाही,
एक श्वास,
आणि कानाशेजारून सण्णकन काहीतरी जायचं.
ते काय होतं
हे मला कळायचं समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून.

त्याची बायको म्हणायची, सर्व्हिस करताना जीभ बाहेर काढतो हा.
काढत असेल.

तो पार्नूचा, मी ओउलूचा.
आमच्या भाषा चुलत बहिणी, एकमेकींचे शब्द चोरून
भलत्याच अर्थाने वापरणाऱ्या.
माझ्याकडे जो शब्द ‘स्वस्त’,
तोच जरासा बदलून त्याच्याकडे ‘वाईट’.
आम्ही उतरायचो ती हॉटेलं
दोन्ही भाषांत बरोबर होती.
एकेरीवाल्यांच्या खिडकीतून तळं दिसायचं,
आमच्या खिडकीतून एकेरीवाल्यांची खिडकी.
बक्षीस त्यांच्या तिसऱ्या हिश्शाइतकं, त्याचेही दोन वाटे,
त्याच्या वाट्यातून बोटीचं तिकीट, डिझेल,
रॅकेटच्या तारा,
आणि लेकीच्या दातांची तार.

ताम्पेरे, जुलै, कोर्ट नंबर चार.
रात्रीचे साडेनऊ, आणि ऊन अजून बर्चच्या शेंड्यांवर,
निघतो निघतो म्हणत दारात उभ्या पाहुण्यासारखं.
प्रेक्षक सतरा, कुत्रा धरून.
समोर बेल्जियमची दोन पोरं,
दोघांची वयं मिळून जेमतेम माझ्याएवढी.
एक सेट त्यांचा, एक आमचा,
आता दहा गुणांत काय तो निकाल.

ते आठ, आम्ही सात. सर्व्हिस तार्मोची.
चेंडू चारदा. श्वास.
आणि श्वासाच्या शेपटाला एक बारीक कुरकुर,
बिजागरीत वाळू गेली की दार करतं तशी.
तारांची नव्हे. बुटाची नव्हे.
चेंडू मात्र रेषेवरच पडला, गुण आम्हाला.
आठ–आठ.
कुत्रा भुंकला. कोणीतरी टाळी वाजवली.

मी वळलो नाही.
वळून बघितलं असतं तर पोरांना कळलं असतं.
हात कमरेमागे नेला आणि तिथेच अडकला:
अकरा वर्षांत आम्ही
बाहेर, आत, अंगावर, खोटी धाव, खरी धाव,
सगळ्याला बोटं ठरवली होती,
‘दुखतंय का’ला एकही नाही.
पाच बोटं, आणि बोलायला काही नाही.
शेवटी मूठ केली.

पहिली सर्व्हिस नेटमध्ये.
दुसरी माझ्या पाठीत, बरोबर दोन फऱ्यांच्या मध्ये.
हसलो मी. खरंच हसू आलं.
पुढचा गुण पोरांनी कधी घेतला ते आठवत नाही.

हात मिळवून झाल्यावर, बाकावर,
मोज्यातली माती झटकत तो म्हणाला,
‘ऐकलंस?’
‘हो.’
‘मला वाटलं फक्त मलाच ऐकू आलं.’
मग आम्ही केळं अर्धं अर्धं खाल्लं.

ऑक्टोबरात मी पार्नूला गेलो.
पत्र्याच्या हॉलमध्ये तो आठ मुलांना सर्व्हिस शिकवत होता,
हात कानाच्या वर जात नव्हता, तरी दाखवत होता.
मी भिंतीशी बसून पाहिली.
जीभ. खरंच बाहेर.
आणि डावा गुडघा असा काही वाकतो
की मला बघवेना,
वडिलांना कोणाच्या लग्नात नाचताना पाहावं तसं झालं.

दुसऱ्या खेपेला बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने
मी पाठ फिरवली.
चेंडू एक. दोन. तीन. चार.
मी श्वासाची वाट पाहत राहिलो,
आणि तो, माझ्याशी न ठरवता,
पाच.