मीटर

दांडिया बाजार. माळ्यावर
निहारची यंत्रं रात्रभर घुमतात.
नाणं खणतोय म्हणे.
त्यांच्या पंख्यांपुढे माझे पोह्याचे पापड
तासाभरात कडक.

बिल आलं, सत्तेचाळीस हजार.
मी रावपुऱ्यात तीस वर्षं कॅशियर.
आमचं काय जळायचं? टाचण्या, शिक्क्याची शाई,
नोटा मोजायला ओला स्पंज.
तो म्हणाला, आत्या, आणि तुमचं एटीएम?

रात्री बघायला गेले.
काचेआड चार दिवे, एसी सोळावर,
गिऱ्हाईक कुणी नाही,
आत सोलंकीभाई पहारेकरी
गोधडी पांघरून झोपलेले.

घरी आले तर माळा भट्टीसारखा.
तिथे कुडकुडणं, इथे घाम,
तार बहुतेक एकच.

वही उघडली, दोन रकाने आखले.
हिशेब जुळेपर्यंत घरी जायचं नाही,
ही आमची जुनी शिस्त.
आता घरीच बसलेय,
आणि जुळत नाही.