उणे दहा

तौसीफ, सेन्सर मागवू नकोस अजून.
दुबईहून यायला चार दिवस, वर ऐंशी दिनार,
आणि बद्रियाबाईंना गुरुवारी पूल ओलांडून
खोबारला जायचंय, बहिणीकडे.
आधी विचारून तर बघू. बाईंना नव्हे, गाडीला.

बाई म्हणतात, दुवारावर
गाडी आपली आपण ब्रेक धरते,
कुणी मागून अबाया ओढावा तशी.
पिवळा दिवा लागतो, घसरणाऱ्या गाडीचा.
घसरत काहीच नसतं.
ऑगस्टमधलं सल्माबाद,
इथं डांबर चपलेला सोडत नाही.

स्कॅनर लाव. बॅटरी बघ, बारा पॉइंट चार, चालेल.
आता रिकाम्या प्लॉटमधून सरळ घे,
समोरच्या पाण्याच्या टाकीवर नजर ठेवून,
आणि आकडा ओरडून सांग.
"उणे दहा, चाचा."
परत.
"उणे दहा."

बिघडलेला सेन्सर असा अडून बसत नाही रे,
तो उड्या मारतो, तापात बडबडतो.
हा शुद्धीवर आहे.
मग खोटं कोण बोलतंय?

बॅटरीची तार काढ आणि थांब.
दहा मिनिटं, घड्याळ लावून.
एअरबॅगशी घाई नाही.
कुरियनचा पुढचा दात कुठे गेला, विचार त्याला कधीतरी.

तोवर चहा.
खेडला भरणे नाक्यावर आम्ही ट्रक जुळवायचो
तेव्हा सुतळी ताणायचो, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत,
आणि एक डोळा मिटायचो.
सुतळीला शून्य शिकवावं लागत नव्हतं.
पण सुतळी ओढणारा हात माझा होता,
तेव्हा फार कौतुक नको.

झाली दहा? काढ एअरबॅग.
नट सैल कर, पूर्ण सोडवू नकोस,
नाहीतर स्टिअरिंग नाकावर येईल.
आता टॉर्च मार. दांड्यावर दाते दिसले? छत्तीस.
दांड्यावर एक रेघ, स्टिअरिंगवर एक रेघ.
समोरासमोर आहेत?
नाही ना.
एक दाता सरकलंय. छत्तीसातलं एक,
तीनशे साठाला भाग दे. शाळेतलंच आहे.

कुणीतरी टाय रॉड बदलला.
स्टिअरिंग वाकडं आलं,
तर खाली वाकून दोन्ही रॉड फिरवायचे सोडून
वरचं चाकच उपटून एक दाता पुढं बसवलं.
बाईंना सरळ दिसलं, पैसे दिले, गेल्या.
सेन्सरला स्टिअरिंग कुठे दिसतं? त्याला फक्त दांडा माहीत.
चार महिने तो अंधारात बसून
खरं तेवढंच सांगत होता,
आणि आपण त्यालाच बदलायला निघालो होतो.

कुणी केलं म्हणून विचारतोस?
रेघेचा रंग बघ. डाळिंबी.
मार्करची नाही, नेलपॉलिशची आहे.
या गल्लीत नेलपॉलिश एकाच टूलबॉक्समध्ये सापडेल,
तुझी चाची व्हिजिटवर आली होती, विसरून गेली बाटली.
पातळ करून करून वापरतो.

रमजान होता. मगरिबला वीस मिनिटं.
घसा सुकलेला, लिफ्टवर दुसरी गाडी.
म्हटलं, उद्या नीट करू.
उद्या बाई आल्या नाहीत, आणि मीही बोलावलं नाही.

हस, हस. तुझा हक्क आहे.

रेघेला रेघ लाव. नट टॉर्क रेंचनेच,
माझ्यासारखा मनगटाच्या अंदाजाने नाही.
मग खाली: एकीकडचा रॉड सोड, दुसरीकडचा आवळ, अर्धा अर्धा फेरा.
मग चावी दे. डावीकडे अडेपर्यंत, उजवीकडे अडेपर्यंत,
मधोमध आण, हात काढ,
आणि स्कॅनरवरून शून्य शिकव.

बिलावर मजुरी लावू नकोस.
कारण विचारलं तर गलत म्हण,
अरबीतही गलतच म्हणतात,
शब्द शोधायला लागायचा नाही.

चल, परत प्लॉटमधून घे. टाकीवर नजर.
किती?
मोठ्याने बोल रे,
कॉम्प्रेसर चालू आहे.