डाव्या कुशीचा डाग

सोळा मोसम मी त्याची जर्सी धुतली,
त्यातले तेरा तरी उगाचच.
पिवळी, पाठीवर बारा नंबर.
रविवारी रात्री टोपलीत यायची
ती मी दिलेल्या इस्त्रीच्या रेघेसकट.
बाकावर बसून माणसाला घाम तरी कुठून येणार?
तरी धुवायचे.
न धुता परत दिली असती
तर त्याला कळलं असतं.

एल्पिदियु सेरोदियु. राखीव गोलकीपर.
फुंदांवचा, चेरीच्या बागांतला.
देठ न तुटता फळ खुडणारे हात.
सेरोदियु म्हणजे आमच्या बोलीत उशिरा पिकणारं.
बाकावरची पोरं त्यावरून काय काय बोलायची,
तो हसायचा आणि त्यांचे बूट पुसून ठेवायचा.

एकोणीस सामने. बहुतेक परगावी,
कपाच्या पहिल्या फेऱ्या, बुधवारी, धुक्यात.
मधे एक वर्ष सायप्रसला गेला.
तिथल्या मालकाने पाच महिन्यांचा पगार बुडवला.
परत आला तो खांद्याला टाके घेऊन,
आणि ऑलिव्हच्या साबणाच्या बारा वड्या,
माझ्यासाठी.

माझी धुण्याची खोली स्टँडच्या खाली.
खिडकी जमिनीलगत, वीतभर उंच.
तिच्यातून फक्त पाय दिसतात.
पायांवरून मी माणसं ओळखते:
जासिंतु टाचा आपटतो,
कोच डाव्या बुटाने गवत उकरतो
म्हणजे आपण हरतोय.

त्या मे महिन्यातला शेवटचा सामना.
बरोबरी झाली असती तरी आम्ही टिकलो असतो.
एकोणनव्वदावं मिनिट.
जासिंतु एकाच्या अंगावर गेला, गुडघा धरून पडला तो उठलाच नाही,
वर पेनल्टी.
कोचने मागे वळूनही पाहिलं नाही.
बारा नंबर, म्हणाला.

गोल माझ्याच बाजूचा.
दोन पाय येऊन रेषेवर उभे राहिले,
पांढरे मोजे, धुतल्यासारखे, मीच धुतलेले.
वर कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं.
आणि मग अख्खा माणूस माझ्या खिडकीत आला,
आडवा, डाव्या कुशीवर,
बोटांच्या टोकावर चेंडू.
सोळा मोसमांत खेळताना त्याचा चेहरा
मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.
तोंड उघडं होतं. मातीचा एक कण दातावर.

रेफरीने शिट्टी वाजवली.
म्हणे रेषेच्या पुढे आला होता.
किती? दोन बोटं.
पेनल्टी पुन्हा.
तो पुन्हा डावीकडेच झेपावला.
चेंडू उजवीकडे गेला.

पेपरात दोन ओळी:
सेरोदियु, बदली, नव्वदाव्या मिनिटाला.
गोल, त्र्याण्णवाव्या.
मधलं काहीच नाही. अडवलेली पेनल्टी
पुन्हा घेतली तर ती कुठेच जमा होत नाही.
मी ऑफिसातल्या पोराला विचारलं,
त्याने वही उलटून दाखवली.

माझी आई इथल्या लोकरीच्या गिरणीत रंगाऱ्याच्या हाताखाली.
मरेपर्यंत कोपरापर्यंत निळी.
मला डागांचं सांगू नका.
गवताला आधी थंड पाणी, मग व्हिनेगर,
मग बोटाने, ब्रशने कधीच नाही.
त्या रात्री पाणी काढलं, जर्सी पसरली.
डाव्या कुशीवर हिरवा पट्टा, खाली चिखल.
दोन झेपा, एकाच जागी, एकावर एक.
कुठली अडवलेली आणि कुठली गेलेली
ते कुणाच्या बापाला सांगता येणार नाही.
एक धुवावी तर दुसरीही जाते.

पाणी गार होतं ते तसंच राहिलं.
अकराच्या सुमाराला तो दारात आला, केस ओले.
दोना झुल्मिरा, धुतलीत?
नाही रे.
तो टबाशी वाकला.
अंगठा डागावर टेकवला, म्हणाला, ही पहिली असेल.
मग अंगठा जरासा वर सरकवला.
मग आणखी जरासा.

जाताना म्हणाला,
तुमचं ते मशीन हलवायचंय ना,
सोमवारी मेव्हण्याची गाडी आणतो.