जेवणाचा प्रवेश

धानाच्या पोत्यावर बसून लिहितोय,
राईसमिलच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानापासून.
पुढून तांदूळ येतोय, मागून मी.
मध्ये कुठं गाठ पडते बघू.

सात वर्षांचा असताना मला एक कुटुंब मिळालं.
रात्री साडेअकराला ते उभं राहायचं
आणि कोंबडं आरवायच्या आत
बांबू, ताडपत्री, रंगवलेल्या खिडकीसकट
टेम्पोत जायचं.
'भाऊजी बसले उपाशी', कौटुंबिक, विनोदी, तीन अंकी.
दिवाळी ते होळी, एकशेबारा रात्री,
आरमोरी, नवरगाव, सिंदेवाही, कुरखेडा,
कापणी झालेल्या बांधीत,
धसकटं तळव्याला टोचत असताना
मी धावत यायचो आणि म्हणायचो, "आई, शाळा सुटली!"
शाळा तर कधीचीच सुटली होती.

कोतरंगे मामा माझे बाबा. वनमालाबाई आई.
पडद्यामागं दोघं एकमेकांशी बोलत नसत.
पैशावरून होतं की आणखी कशावरून,
मला कुणी सांगितलं नाही.
"बारक्या, त्यायले सांग, आरसा इकडं दे म्हना."
मी सांगायचो. आरसा यायचा.
मग तिसरी घंटा, आणि ते संसाराला लागायचे.

माझा खरा बाप तो टेम्पो चालवायचा.
प्रयोगभर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेला,
पहाटे सगळ्यांना पुढच्या गावी न्यायचं म्हणून.
त्यानं मला खांद्यावर घेतल्याचं आठवत नाही.
मामांनी घेतलं. रोज, दीडच्या सुमाराला,
हॅलोजनच्या उजेडात, घामेजलेल्या मानेवर.
मी वरून विचारायचो, "बाबा, मी मोठा कधी होणार?"
"तुझी आई होऊ देईल तेव्हा!"
आणि शेकोट्यांपर्यंत हशा पसरत जायचा.

त्याआधी जेवणाचा प्रवेश.
पितळेची ताटं, राखेनं घासलेली, रिकामी.
आम्ही हवा कालवायचो. हवेचा घास, हवेची उचकी.
माणसं गडबडा लोळायची.
मला खरोखरची भूक असायची.

एका रात्री, बहुतेक नवरगावला,
वनमालाबाईंनी वाढल्यासारखं केलं
आणि ताटात खराच वडा पडला. लाखोळीच्या डाळीचा.
गार, पण खरा.
मी त्याच्याकडे बघत बसलो.
पेटीवाला थांबला. मामांनी दोनदा खाकरून पाहिलं.
ओठ न हलवता त्या म्हणाल्या,
"वाक्य घे, बारक्या."
त्या रात्रीएवढा हशा पुन्हा कधी पाहिला नाही.

मालक म्हणाले, हे थांबणं रोज ठेवा.
वडा ठेवा असं ते म्हणाले नाहीत.
उरलेल्या सगळ्या रात्री
मी रिकाम्या ताटाकडे तेवढाच वेळ बघत बसलो.

पाचव्या हंगामात, सिंदेवाहीला,
'मोठा' या शब्दावरच आवाज फुटला.
लोक हसले. मामा खांद्याखाली हसले,
मला ते मांड्यांना कळलं.
पुढच्या दिवाळीला मूलचा एक पोरगा आला.
माझा सदरा त्याला सैल होत होता.

मामा गेले या माघात.
गांगलवाडीला तेरवीला गेलो.
त्यांचा मुलगा हेमराज, माझ्याच वयाचा,
वाढता वाढता थांबला.
"तुमीच का जी तो बारक्या?
आमच्या बाच्या खांद्यावर तुमी बसले.
आमी त दिवाळीपासून मनिआर्डरच पाहाचो."
राग नव्हता त्यात. भाताचं भांडं टेकवून
तो उकिडवा बसला माझ्यासमोर.
"सांगा ना. घरी कसा होता तो?"

कोणत्या घरी, असं मी विचारलं नाही.
पत्रावळीवर वरण, भात, वडा.
मी बघत बसलो. किती वेळ, ते अंगाला माहीत होतं.
पंगतीत कुणी हसलं नाही.

मग पलीकडून, बायकांच्या पंगतीतून,
खरखरीत, दात गेलेला एक आवाज आला:
"वाक्य घे, बारक्या."